पान पिवळं पडलं की झिंक? आधी मूळ उपटून बघा

तुळशीची नवी पालवी पिवळी पडली किंवा कुंडीतली अश्वगंधा वीतभर होऊन तिथेच थांबली, की नागपुरात हमखास मिळणारा सल्ला म्हणजे "चमचाभर झिंक टाका." हा सल्ला हवेतून आलेला नाही. विदर्भातल्या काळ्या, चुनखडीयुक्त जमिनीत पिकाच्या हाती लागणारं जस्त खरोखरच कमी असतं. १९६६ मध्ये पंतनगरच्या कृषी विद्यापीठात य. ल. नेने यांनी धानावरच्या खैरा रोगाचं मूळ जस्ताच्या कमतरतेत आहे हे दाखवलं. पुढे झिंक सल्फेट धानाच्या बांधीपासून संत्र्याच्या बागेपर्यंत सगळीकडे पोचलं. इतकं, की जस्त जास्तही होऊ शकतं ही शक्यता आता कुणाच्या डोक्यातच येत नाही. अडचण अशी की जास्त झालेल्या जस्ताची पहिली खूणही पिवळं पानच असते. मग त्या पिवळेपणावर दुसरा चमचा पडतो, आणि झाड खरं बिघडतं ते इथून.

आधी चमच्याचा हिशेब करू. शेतात झिंक सल्फेटची नेहमीची मात्रा हेक्टरी २५ किलो. बाजारात मिळणाऱ्या सात पाण्याच्या रेणूंच्या झिंक सल्फेटमध्ये, म्हणजे हेप्टाहायड्रेटमध्ये, २१ टक्के जस्त असतं. म्हणजे हेक्टरी सव्वापाच किलो जस्त पडलं. एका हेक्टरमधल्या वरच्या १५ सेंटिमीटर मातीचं वजन साधारण २२ लाख किलो भरतं. भागाकार केला तर किलोभर मातीला जेमतेम सव्वादोन-अडीच मिलिग्रॅम जस्त मिळालं.

आता बारा इंची कुंडी घ्या. तिच्यात दहा किलो माती धरू. चहाचा एक चमचा झिंक सल्फेट म्हणजे सुमारे ५ ग्रॅम, त्यात एक ग्रॅमहून किंचित जास्त जस्त. किलोमागे झालं १०५ मिलिग्रॅम. शेतातल्या मात्रेच्या जवळजवळ ४५ पट, आणि तेही एका चमच्यात. कुंडीत माती कमी आणि कोकोपीट जास्त असेल तर मिश्रणाचं वजन पाच-सहा किलोच भरतं, म्हणजे हा आकडा दुपटीजवळ जातो. पुडीवर ३३ टक्के लिहिलेलं असेल, तर ते एक रेणू पाण्याचं मोनोहायड्रेट. त्याचा तोच चमचा दीडपटीहून जास्त जस्त देतो. शेताच्या हिशेबाने दहा किलोच्या कुंडीला लागतं ते फक्त ०.११ ग्रॅम. घरच्या तराजूवर हे मोजता येत नाही. म्हणून ५ ग्रॅम एक लिटर पाण्यात विरघळवून त्यातलं २० ते २२ मिलिलिटर पाणी कुंडीला द्यायचं, तेही जस्त कमी असल्याची खात्री असेल तरच.

काळी माती जस्ताला धरून ठेवते, कुंडीतली धरत नाही

मातीत एकूण जस्त किती आहे आणि मुळाला त्यातलं किती मिळतं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. साध्या, न बिघडलेल्या मातीत किलोमागे दहापासून तीनशे मिलिग्रॅमपर्यंत एकूण जस्त असू शकतं. बहुतेक ठिकाणी ते पन्नास ते सत्तरच्या आसपास असतं. त्यातलं पिकाच्या हाताशी येणारं जस्त मात्र एखादा मिलिग्रॅम, कित्येकदा अर्धाच. माती परीक्षणाच्या अहवालात 'उपलब्ध जस्त' म्हणून येतो तो हाच आकडा. तो डीटीपीए नावाच्या द्रावणाने काढतात, आणि ०.६ मिलिग्रॅमच्या खाली गेला की कमतरता समजतात.

हे प्रमाण ठरवणारी सगळ्यात मोठी किल्ली म्हणजे मातीचा सामू, म्हणजेच पीएच. सामू एका अंकाने वाढला की मातीच्या पाण्यात मोकळं फिरणारं जस्त तत्त्वतः शंभर पटीने कमी होतं. आठ सामूच्या काळ्या जमिनीत आणि सहा सामूच्या कोकोपीटच्या मिश्रणात हा फरक कागदावर दहा हजार पटींचा होतो. प्रत्यक्षात सेंद्रिय पदार्थ जस्ताला पकडून, कधी पाण्यात विरघळवून ठेवतात, त्यामुळे तो इतका टोकाचा राहत नाही. पण दिशा तीच. शिवाय काळ्या मातीतली फुगणारी-आकसणारी चिकणमाती आपल्या पृष्ठभागावर जस्ताचे आयन घट्ट धरते. राष्ट्रीय मृद सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्युरोचं मुख्यालय नागपुरात अमरावती रोडवर आहे. ज्या काळ्या मातीच्या प्रदेशात ते वसलंय, ती माती हा जस्ताविरुद्धचा एक मोठा बफरच, म्हणजे धक्का झेलणारी गादीच, म्हणायला हवा.

म्हणून एक गोष्ट सरळ सांगायला हवी. काटोल, कळमेश्वर किंवा हिंगण्याच्या भारी काळ्या जमिनीत शिफारशीप्रमाणे झिंक सल्फेट टाकून कुणाचं शेत विषारी होत नाही. वीस वर्षं दरवर्षी २५ किलो टाकलं तरी एकूण वाढ किलोमागे ४७ मिलिग्रॅमची, आणि तीही चिकणमातीत बंद होत जाणारी. पैसा वाया जाईल, स्फुरद (फॉस्फरस) आणि लोहाचं गणित थोडं बिघडेल. पण झाड मरणार नाही. धोका आहे तो कुंडीत, गच्चीवरच्या वाफ्यात, रोपवाटिकेच्या पिशवीत, भंडारा-गोंदिया-गडचिरोलीकडच्या आम्लधर्मी तांबूस-पिवळ्या हलक्या मातीत, आणि जिथे जस्त कुठून येतंय हेच कुणाला दिसत नाही अशा कोपऱ्यांत.

न दिसणारं जस्त

पहिला कोपरा घराजवळचाच: पागोळ्यांखालचा. गॅल्व्हनाइज्ड पत्र्यावर जस्ताचा थर असतो, चौरस मीटरला शे-सव्वाशे ते पावणेतीनशे ग्रॅमपर्यंत. त्याचं कामच स्वतः झिजून लोखंड वाचवणं. पावसाच्या पाण्याबरोबर चौरस मीटरमागे वर्षाला एकच ग्रॅम जस्त सुटतं असं धरू. तीन मीटर उताराच्या छपरातून पागोळीच्या दर मीटर लांबीला तीन ग्रॅम खाली येतं. ते पडतं वीतभर रुंदीच्या पट्ट्यात, जिथे वरच्या १५ सेंटिमीटर मातीचं वजन चाळीसेक किलो असतं. सगळं तिथेच अडकलं तर किलोमागे वर्षाला सत्तर मिलिग्रॅम. गोठ्याच्या पत्र्याखाली नेमक्या याच ओळीत अडुळसा, गवती चहा किंवा कोरफड लावायची आपल्याकडे पद्धत आहे, कारण तिथे पाणी आयतं मिळतं. रंगीत लेप दिलेल्या नव्या पत्र्यातून हे खूप कमी सुटतं.

दुसरा कोपरा टायरच्या कुंड्यांचा. टायरच्या रबरात झिंक ऑक्साइड घालतात. टायरच्या वजनाच्या एक ते दोन टक्के जस्तच असतं. अखंड टायरमधून ते हळूहळू येतं. कापलेल्या, उन्हात तडकलेल्या टायरमधून आणि रबराच्या भुकटीतून लवकर येतं. शोभेची झाडं लावा, हरकत नाही. औषधी वनस्पती नकोत.

कोंबडीखताचा हिशेब वेगळा आहे. कोंबड्यांच्या खाद्यात जस्त मुद्दाम घालतात, त्यातलं बरंच विष्ठेत उतरतं, आणि खतात किलोमागे काही शे मिलिग्रॅम भरतं. हेक्टरी दहा टन कोंबडीखत, त्यात किलोमागे ४०० मिलिग्रॅम जस्त धरलं तर चार किलो जस्त झालं, म्हणजे झिंक सल्फेटच्या मात्रेतल्या जस्ताचा पाऊण हिस्सा. सफेद मुसळीला हे खत भरभरून देतात आणि वर झिंक सल्फेटही टाकतात. एका वर्षात काही होत नाही. हलक्या जमिनीत त्याच वाफ्यावर हे दरवर्षी करत राहिलात तर हिशेब ठेवायलाच हवा.

शहरी कंपोस्ट घेताना पिशवीवरचं विश्लेषण वाचा. खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टसाठी जस्ताची कमाल मर्यादा किलोमागे १००० मिलिग्रॅम आहे. शेतात पसरण्यासाठी ती ठीक; पण कुंडीत निम्मं कंपोस्ट भरलं आणि ते मर्यादेच्या आसपासचं असलं, तर मिश्रणात चारशे-पाचशे सहज होतात. नाल्याच्या पाण्यावर किंवा मैलापाण्याच्या गाळावर औषधी वनस्पती घेऊच नयेत, मग तो नाग नदीचा काठ असो की गावातला ओहोळ. सिंचनाच्या पाण्यात लिटरमागे २ मिलिग्रॅम जस्त ही जागतिक अन्न व कृषी संघटनेने सुचवलेली वरची मर्यादा आहे. त्या मर्यादेचं पाणी वर्षाला हजार मिलिमीटर दिलं, तरी हेक्टरी २० किलो जस्त जमिनीत शिरतं.

राखेबद्दल एक गैरसमज दूर करायला हवा. कोराडी-खापरखेड्याच्या कोळशावरच्या वीजकेंद्रांच्या पट्ट्यात झाड पिवळं पडलं की राखेतल्या 'जड धातूं'वर बोट ठेवलं जातं. कोळशाची राख बहुधा अल्कधर्मी असते, त्यामुळे तिच्यातलं जस्त मुळाला फारसं मिळत नाही. ताज्या राखेच्या थरात झाडाला आधी भोवतो तो बोरॉन आणि क्षार. त्यात पानाची कड करपते, तर जस्तात शिरांमधला भाग पिवळा पडतो.

झाडाच्या आत काय होतं

जस्त झाडाला लागतंच. शेकडो विकरांच्या, म्हणजे एन्झाइमांच्या, रचनेत ते असतं, प्रथिनं बनवण्यात, शेंड्याच्या वाढीचं ऑक्सिन तयार होण्यात त्याचा हात असतो. निरोगी पानात किलोभर कोरड्या वजनाला २० ते १०० मिलिग्रॅम जस्त पुरतं. साधारण ३०० च्या पुढे गेलं की बहुतेक वनस्पतींत विषबाधेची चिन्हं दिसतात. नाजूक वनस्पतींत शंभरच्या आसपासच सुरुवात होते.

पहिला मार बसतो मुळाला, आणि तो आपल्याला दिसत नाही. मुळाच्या टोकाशी पेशींचं विभाजन मंदावतं. मुख्य मूळ लांबायचं थांबतं, बाजूला आखूड, जाडसर, तपकिरी फाटे फुटतात. बियाणं अशा मातीतही उगवतं, कारण उगवणीचा बराचसा खर्च बियातल्या साठ्यावर भागतो. म्हणून 'बी तर उगवलं, माती चांगलीच असणार' हा अंदाज चुकतो.

दुसरा मार लोहाच्या वाटेवर. मुळाच्या पेशीत लोह आत घेणारी जी प्रथिनांची दारं असतात, त्यांतून जस्त, मँगनीज आणि कॅडमियमही आत येतात. दोन धनभारांचे जस्त आणि लोह यांचे आयन आकाराने जवळजवळ सारखे. दाराशी जस्ताची गर्दी झाली की लोहाला वाट मिळत नाही. जे आत येतं तेही मुळातच अडकून राहतं, शेंड्यापर्यंत चढत नाही. परिणामी नवी पानं पिवळी, शिरा हिरव्या. पान ओरडतं 'लोह नाही' म्हणून, आणि कारण असतं जस्त. सूक्ष्म अन्नद्रव्यांचं मिश्रण फवारणारा माणूस इथे फसतो, कारण त्या बाटलीत लोहाबरोबर जस्तही असतं.

स्फुरदाचंही असंच काहीसं होतं. मुळात जस्त आणि स्फुरद एकमेकांना बांधून बसतात. पानाच्या मागच्या बाजूला, देठावर जांभळट झाक येते. कृष्ण तुळशीत ही खूण वाचायला जाऊ नका, ती मुळातच जांभळी.

प्रकाशसंश्लेषणात जस्त अनेक जागी घुसतं. कर्बवायू पकडणाऱ्या रुबिस्को विकरातली मॅग्नेशियमची जागा आणि पाण्याचं विघटन करणाऱ्या यंत्रणेतली मँगनीजची जागा ते बळकावतं, आणि लोह कमी पडल्याने हरितद्रव्यही कमी बनतं. प्रकाश तर पानावर पडतच असतो. त्याची ऊर्जा वापरली गेली नाही की ती ऑक्सिजनवर जाते आणि हायड्रोजन पेरॉक्साइडसारखे जाळणारे रेणू तयार होतात. जस्त स्वतः लोह-तांब्यासारखं इलेक्ट्रॉनची देवघेव करत नाही, त्यामुळे हा जाळ ते थेट लावत नाही. पण तो विझवणाऱ्या कॅटालेज आणि पेरॉक्सिडेज या विकरांना लोह लागतं, आणि लोहाची वाट तर जस्तानेच अडवलेली असते. पेशींच्या आवरणातली मेदाम्लं करपतात, पानावर तपकिरी डाग येतात. नागपूरच्या मे महिन्यात पंचेचाळीस अंशांच्या उन्हात हेच झाड दुप्पट वेगाने खंगतं, कारण मूळ आखूड असल्याने पाणी कमी आणि वरून प्रकाशाचा मारा जास्त.

झाड गप्प बसत नाही. जास्तीचं जस्त ते मॅलिक, सायट्रिक आम्लांशी बांधून पेशीतल्या रसधानीत, म्हणजे मधल्या पाण्याच्या पिशवीत, कोंडून ठेवतं. काही मुळाच्या पेशीभित्तीत अडकवतं. फायटोकेलॅटिन, मेटॅलोथायोनिन यांसारखे गंधकयुक्त रेणू बनवून धातूला लगाम घालतं. हे सगळं फुकट होत नाही. वाढीसाठीचा कर्ब, नत्र आणि गंधक या बचावावर खर्च होतो, म्हणून झाड हिरवं दिसत असतानाही खुजं राहू शकतं.

औषधी गुण वाढतात का?

थोडा ताण दिला की औषधी द्रव्यं वाढतात, असं बरेचदा सांगितलं जातं. यात तथ्य आहे. फेनॉल, फ्लेव्होनॉइड, काही सुगंधी तेलं ही झाडाची बचावाचीच द्रव्यं. जस्त थोडं वाढलं, विशेषतः आधी कमी असेल तर, ती वाढलेली दिसतात. पुढे ताण वाढला की ती बनवायला लागणारा कर्बच शिल्लक राहत नाही आणि घसरण सुरू होते.

पण मोजताना बहुतेक जण एक चूक करतात: टक्केवारी बघतात, वजन बघत नाहीत. समजा चांगल्या मातीतल्या तुळशीपासून १०० ग्रॅम सुकी पानं मिळाली आणि त्यात १ टक्का तेल होतं. हाती आलं १ ग्रॅम. जस्ताच्या ताणाखालच्या झाडात तेल १.३ टक्के भरलं, पण पानं मिळाली ६० ग्रॅम. हाती आलं ०.७८ ग्रॅम. प्रयोगशाळेच्या कागदावर दुसरी तुळस 'जास्त औषधी', काट्यावर मात्र तोटा. गुणवत्ता वाढवायला म्हणून जस्त जास्त टाकण्याचा सल्ला कुणी दिला, तर हे गणित त्याच्यापुढे ठेवावं.

कोणता भाग वापरायचा यावरही नुकसान ठरतं. अश्वगंधा, शतावरी, सफेद मुसळी यांचं उत्पन्नच जमिनीखाली असतं, आणि जस्त आधी तिथेच घाव घालतं. अश्वगंधेचं मूळ पाच-सहा महिन्यांत सरळ, बोटाएवढं व्हायला हवं. ते वेडंवाकडं, फाटे फुटलेलं निघालं की व्यापारी खालची प्रत लावतो. फाटे फुटण्याला कडक जमीन आणि मुरूमही कारण असतात, तेव्हा लगेच जस्तावर आळ घेऊ नये. मुसळीची मुळं उथळ, आणि जस्त काळ्या मातीत खाली झिरपत नाही, वरच्या वीतभर थरातच साठतं. म्हणून दोघांची गाठ नक्की पडते. ब्राह्मी ओलसर, चिखलट जागी वाढते आणि धातू सहज ओढून घेते. नाल्याकाठची ब्राह्मी म्हणूनच तोडू नये.

खाणाऱ्याचं काय? पानात किलोमागे ३०० मिलिग्रॅम जस्त असलेल्या तुळशीची पाच पानं चघळली तर पोटात जातं एका मिलिग्रॅमचाही छोटा अंश. अश्वगंधेचं पाच ग्रॅम चूर्ण घेतलं, तरी दीड मिलिग्रॅम. मोठ्या माणसाची रोजची गरजच दहा-पंधरा मिलिग्रॅमच्या घरात आहे, तेव्हा भीती जस्ताची नाही. भीती आहे त्याच्या पाठीवर बसून येणाऱ्या कॅडमियमची. निसर्गात जस्ताच्या खनिजाबरोबर कॅडमियम असतंच, आणि दोघं मुळाच्या त्याच दारातून आत शिरतात. आयुर्वेदिक कच्च्या मालासाठी कॅडमियमची मर्यादा ०.३ आणि शिशाची १० पीपीएम, म्हणजे किलोमागे तितके मिलिग्रॅम, आहे. जस्ताचा उगम गाळ, भंगार, जुन्या बॅटऱ्या किंवा स्वस्तातलं बिनशिक्क्याचं 'झिंक' असेल, तर मालाची कॅडमियम-शिसे तपासणी केल्याशिवाय तो औषधाला देऊ नये.

खात्री कशी करायची

जस्त कमी पडलं की पानं लहान होतात, दोन पेरांमधलं अंतर आखडतं, शेंड्याला पानांचा झुबका बनतो. जस्त जास्त झालं की नव्या पानांची जाळी दिसते, शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, आणि मूळ उपटल्यावर आखूड, तपकिरी निघतं. पण आपल्याकडे या जाळीला दुसरंही एक कारण असतं, आणि तेच सगळ्यात जास्त आढळतं: चुनखडीची जमीन, जड बोअरचं पाणी किंवा पावसाळ्यात साचलेलं पाणी, यांमुळे लोह मिळत नाही. पानावरून ही दोन्ही सारखीच दिसतात.

म्हणून पायरीपायरीने जा. लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि १ ग्रॅम सायट्रिक आम्ल विरघळवा. कापसाच्या बोळ्याने एका पिवळ्या पानाच्या अर्ध्या भागालाच लावा, संध्याकाळी. पाच ते सात दिवसांत तो अर्धा भाग हिरवा झाला तर झाडाला लोह मिळत नाही हे नक्की झालं. का मिळत नाही, हे अजून कळायचंय.

त्यासाठी घरी मेथीची चाचणी करता येते. संशयित माती आणि त्याच प्रकारची चांगली माती दोन वाट्यांत घ्या, प्रत्येकीत वीस मेथ्या किंवा मोहरीचे दाणे पेरा, पाणी सारखंच द्या. सातव्या दिवशी रोपं पाण्यात अलगद सोडवून मुळं पट्टीने मोजा. संशयित मातीतली मुळं निम्मी किंवा त्याहून कमी भरली, तर मातीत काहीतरी विषारी आहे. ते जस्तच असेल असं नाही, क्षारांनीही असंच होतं. पण मुळं दोन्हीकडे सारखीच लांब निघाली, तर जस्ताचा संशय बहुधा सोडून द्यावा आणि चुनखडीकडे बघावं.

नक्की उत्तर प्रयोगशाळाच देते. माती देताना फक्त उपलब्ध जस्ताची तपासणी सांगू नका. ती चाचणी कमतरता शोधायला बनवलेली आहे. जास्तीचा संशय असेल तर एकूण जस्त, सामू आणि क्षारता हेही मागा. शेतात आठ-दहा ठिकाणी व्ही आकाराचा खड्डा करून १५ सेंटिमीटरपर्यंतची माती घ्या. प्लास्टिकच्या घमेल्यात मिसळा, चार भाग करून समोरासमोरचे दोन काढून टाका, अर्धा किलो उरेपर्यंत हेच करा. जस्ताची बादली किंवा गॅल्व्हनाइज्ड घमेलं वापरलं तर अहवालात तुमच्या बादलीचंच जस्त येईल. पानांसाठी शेंड्याकडून तिसरं-चौथं पूर्ण वाढलेलं पान तोडा, नळाच्या पाण्याने आणि मग शुद्ध पाण्याने धुवा, सावलीत सुकवून कागदी पिशवीत द्या. महिनाभरात जस्ताची फवारणी झाली असेल तर पानांचा अहवाल निरुपयोगी. पानात जस्त ३०० च्या वर म्हणजे जास्तीच. तीसेक असेल आणि जाळी तरीही असेल, तर दोष चुन्याचा.

उपाय, आणि जे उपाय नाहीत

आधी उगम बंद करा: झिंक, सूक्ष्म अन्नद्रव्यांची मिश्रणं, कोंबडीखत थांबवा, पागोळीला पन्हळ लावा. कुंडीचं मिश्रण आम्लधर्मी असेल, सामू सहाच्या खाली, तर दहा किलोला १५ ते २० ग्रॅम शेतीचा चुना किंवा डोलोमाइट नीट कालवून तीन आठवड्यांनी सामू पुन्हा मोजा. साडेसहा-सातच्या पुढे नेऊ नका, नाहीतर जस्त बंद होता होता लोहही बंद होईल. नागपूरच्या काळ्या मातीत चुना अजिबात टाकू नका. तिथे तो आधीच जास्त आहे. पूर्ण कुजलेलं शेणखत जस्ताला बांधतं. मुळांवरच्या मायकोरायझा बुरशीनेही थोडी मदत होते. हिराकसची फवारणी पान हिरवं करते, पण आठवड्या-दोन आठवड्यांची सोय म्हणूनच. मूळ तसंच आखूड राहतं. कुंडी पाण्याने धुऊन काढण्याचा उपाय कोकोपीटच्या मिश्रणात थोडाफार चालतो. चिकणमातीतून जस्त पाण्याने निघत नाही.

'मोहरी किंवा सूर्यफूल लावा, ते जस्त शोषून घेतील' हा सल्ला ऐकायला छान आहे. हिशेब करा. हेक्टरी दहा टन सुकं पीक आलं आणि त्यात किलोमागे ३०० मिलिग्रॅम जस्त असलं, तर एका पिकाने तीन किलो जस्त उचललं. मातीत किलोमागे ४०० चे २०० करायचे असतील तर हेक्टरी साडेचारशे किलो जस्त काढायचं आहे. म्हणजे दीडशे पिकं. वर्षाला दोन घेतली तरी पंचाहत्तर वर्षं.

नवं झिंक सल्फेट घेताना त्यात मॅग्नेशियम सल्फेटची भेसळ तपासता येते, आणि त्यातून चुकीच्या निदानाचं एक कारण कमी होतं. थोडं पाण्यात विरघळवा, पातळ कॉस्टिक सोड्याचे थेंब घाला; खळीसारखा पांढरा साका येतो. मग दाट कॉस्टिक सोडा घाला. साका विरघळला तर जस्त, तसाच राहिला तर मॅग्नेशियम. हातमोजे घाला, कॉस्टिक कातडी भाजतं.

उरली ती बिघडलेली कुंडीची माती. गाळ, भंगार किंवा बॅटरीमुळे बिघडली असेल तर तिच्यात खाण्याचं काहीही लावू नका. शोभेच्या झाडाला ठेवा. पण चूक फक्त एका चमचा झिंक सल्फेटची असेल, तर ती माती फेकायचं काही कारण नाही. त्यातलं एक ग्रॅम जस्त म्हणजे काळ्या जमिनीच्या दोन चौरस मीटरची नेमकी शिफारस केलेली मात्रा. जस्त कमी भरलेल्या जागी, संत्र्याच्या आळ्यात ती कुंडी पातळ पसरून कुदळीने कालवून टाका.